मुंबई की पुणे? पहिल्या नोकरीचे शहर ठरवताना कोणते काम आधी करावे

हातात दोन ऑफर लेटर आहेत, एक मुंबईचे आणि एक पुण्याचे, आणि उत्तर देण्यासाठी आठवडाभराचा अवधी आहे. अशा वेळी बहुतेक मुले-मुली आधी पॅकेजचे आकडे शेजारी मांडतात, मग दोन्हीकडच्या मित्रांना फोन करतात आणि होकार कळवून झाल्यावर ऑफिस नेमके कुठे आहे ते नकाशात शोधतात. हा क्रम उलटा आहे. ऑफिसचा पत्ता कळल्याशिवाय प्रवास कळत नाही, प्रवास कळल्याशिवाय राहण्याचा पट्टा ठरत नाही, पट्टा ठरल्याशिवाय भाडे कळत नाही आणि भाडे कळल्याशिवाय पगार पुरेल की नाही हे सांगता येत नाही. नरिमन पॉइंट, मालाड आणि ऐरोली या तिन्ही ठिकाणच्या नोकऱ्यांना ‘मुंबईची नोकरी’ म्हणतात; हिंजवडी, खराडी आणि चाकण येथील नोकऱ्यांना ‘पुण्याची’. प्रत्यक्षात तुलना दोन पत्त्यांची करायची असते, आणि पुढील टप्पे त्याच हिशेबाने लावले आहेत.

## तयारी: बसण्यापूर्वी काय जवळ असावे

दोन्ही पत्रे त्यांच्या सर्व जोडपत्रांसह छापून घ्यावीत. पगाराची फोड बहुधा शेवटच्या पानावर असते आणि नेमके तेच पान वाचायचे राहते. त्याशिवाय तीन आकडे लिहून ठेवावेत: स्वतःची शिल्लक, घरून कर्ज न काढता मिळू शकणारी रक्कम, आणि शैक्षणिक कर्ज असल्यास त्याचा मासिक हप्ता व तो सुरू होण्याचा महिना. एका कागदावर दोन रकाने आखून पुढच्या प्रत्येक टप्प्याची एक ओळ त्याच क्रमाने भरत जावी.

उत्तराची मुदत फार जवळची असेल तर ती संपण्यापूर्वी ईमेलने तीन-चार दिवस वाढवून मागावेत. मुदत उलटल्यावर मागणे आणि आधी मागणे यात कंपनीच्या दृष्टीने पुष्कळ फरक असतो.

या टप्प्यावर कोणाचेही मत विचारू नये. लोकांना विचारण्यासारख्या गोष्टी पुढे येतील, आणि त्या शहर चांगले की वाईट अशा स्वरूपाच्या नसतील.

## टप्पा १: कामाची जागा लेखी पक्की करावी

पत्रात ‘मुंबई’ एवढेच लिहिलेले असेल तर ऑफिस ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, नवी मुंबईत घणसोली-महापेला किंवा थेट वांद्रे-कुर्ला संकुलात असू शकते. ‘पुणे’ लिहिलेल्या पत्रामागे रांजणगावचा कारखानाही असू शकतो, आणि रांजणगाव पुण्यापासून सुमारे ५० किलोमीटर दूर आहे. म्हणून कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला एकच ईमेल लिहून पुढील गोष्टी विचाराव्यात:

- इमारतीच्या नावासह ऑफिसचा पूर्ण पत्ता कोणता?
- आठवड्यातून किती दिवस प्रत्यक्ष यावे लागेल, आणि कोणते दिवस ठरलेले आहेत?
- कामाची वेळ कोणती? रात्रपाळी असल्यास कंपनीची गाडी घरापर्यंत येते की ठरावीक नाक्यापर्यंत?
- सुरुवातीचे प्रशिक्षण याच शहरात आहे की दुसरीकडे?
- काम स्वतःच्या ऑफिसात आहे की ग्राहक कंपनीच्या जागेत?

प्रशिक्षणाचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण काही मोठ्या कंपन्या नव्या मुलांना पहिले काही महिने दुसऱ्याच राज्यात पाठवतात आणि नेमणुकीचे शहर त्यानंतर ठरवतात. तशी अट असेल तर तुमच्यापुढे अजून दोन शहरांची निवड आलेलीच नाही. दोन कंपन्यांची आली आहे, आणि टप्पा २ सोडून बाकीचे हिशेब पुढे ढकलावे लागतील.

सावधान: जवळपास प्रत्येक नेमणूकपत्रात कंपनी कुठेही बदली करू शकते, असे कलम असते. ते काढून घेण्याची खटपट व्यर्थ असते. मात्र पहिल्या नेमणुकीचे ठिकाण पत्रात नावानिशी असावे, हा आग्रह रास्त आहे.

## टप्पा २: पॅकेजमधून दरमहा खात्यात काय पडेल ते काढावे

वार्षिक आकड्याला बाराने भागून मिळणारी रक्कम खात्यात कधीच येत नाही. एक उदाहरण घेऊ. यातील आकडे हिशेब समजण्यासाठी मानलेले आहेत. मुंबईचे पॅकेज ६ लाखांचे, पुण्याचे ५ लाख ४० हजारांचे, आणि दोन्हीकडे मूळ वेतन दरमहा २० हजार. मुंबईच्या पॅकेजमध्ये ६० हजार रुपये कामगिरीवर अवलंबून आहेत आणि ते मिळालेच तर वर्षाअखेरीस मिळतील. पुण्याच्या पॅकेजमध्ये असा भाग नाही. दोन्ही कंपन्या भविष्य निर्वाह निधीचा आपला वाटा दरमहा १,८०० रुपये याप्रमाणे पॅकेजमध्येच धरतात, म्हणजे वर्षाला २१,६००. ग्रॅच्युइटीची (दीर्घ सेवेनंतर एकरकमी मिळणाऱ्या रकमेची) तरतूद मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, म्हणजे सुमारे ११,५००. गटविम्याचा हप्ता ६ हजार. हे सर्व वजा केल्यावर दोन्हीकडे वर्षाला सुमारे ५ लाख १ हजार, म्हणजे महिन्याला ४१,७०० उरतात. त्यातून तुमचा स्वतःचा निर्वाह निधीचा वाटा १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात सुमारे ३९,७०० रुपये येतात, मुंबईतही आणि पुण्यातही. कागदावर दिसणारा ६० हजारांचा फरक महिन्याच्या हिशेबात उरतच नाही.

कराच्या बाबतीत दोन्ही शहरांत सुरुवातीच्या पगारावर सहसा फरक पडत नाही. व्यवसाय कर राज्याचा असल्यामुळे तो सारखाच आहे: वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये, अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना तो माफ आहे. आयकराच्या नव्या प्रणालीत २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून पगारदाराला प्रमाणित वजावट धरून १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर लागत नाही, आणि त्या प्रणालीत घरभाडे भत्त्याची सूटही नाही. त्यामुळे ‘मुंबईत भाड्यावर जास्त सूट मिळते’ हा सल्ला नवख्या कर्मचाऱ्याच्या बहुधा उपयोगाचा नसतो.

तपासा: जोडपत्रात निर्वाह निधीची कपात पूर्ण मूळ वेतनाच्या १२ टक्के आहे की १,८०० रुपये? मूळ वेतन मोठे असेल तर या एका ओळीने हातातील रक्कम दोन-तीन हजारांनी बदलते. ते पैसे बुडत नाहीत, पण भाडे देण्याच्या दिवशी ते हाताशीही नसतात.

नेहमीची चूक: रुजू होताना एकदाच मिळणारा बोनस मासिक उत्पन्नात मिसळणे. तो वेगळा लिहावा; टप्पा ५ मध्ये त्याची गरज लागेल. ठरावीक काळाच्या आत नोकरी सोडल्यास तो परत करावा लागतो का, हेही तिथेच नोंदवावे.

## टप्पा ३: दारापासून टेबलापर्यंतचा वेळ मोजावा

सर्वांत जास्त चुका याच टप्प्यात होतात, म्हणून येथे घाई करू नये. प्रवास किलोमीटरमध्ये मोजणे निरुपयोगी आहे, आणि मिनिटांत मोजतानाही फक्त गाडीचा वेळ धरणे चूक आहे. घरापासून स्थानकापर्यंतची रिक्षा, फलाटावरची वाट, गर्दीमुळे सोडून द्यावी लागलेली पहिली लोकल, उतरल्यावर पुलावरची रेटारेटी, शेअर रिक्षाची रांग आणि ऑफिसच्या इमारतीतील लिफ्ट या साऱ्यांची बेरीज करावी. डोंबिवलीहून वांद्रे-कुर्ला संकुलात जाणाऱ्याचा नकाशावर पाऊण तासाचा दिसणारा लोकलचा प्रवास प्रत्यक्षात दीड तासाच्या पुढे सहज जातो.

मुंबईसाठी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, गाड्या किती बदलाव्या लागतात. पश्चिम, मध्य, हार्बर आणि ठाणे-वाशी-पनवेल या ट्रान्स-हार्बर मार्गांपैकी तुमचे ऑफिस ज्या मार्गावर आहे त्याच मार्गावर घर शोधावे. एक बदल चालतो, दोन बदल रोज सोसत नाहीत. दुसरी, गर्दीची दिशा. सकाळी लोंढा दक्षिणेकडे जातो, त्यामुळे दादरला राहून ठाण्याला जाणारा माणूस ठाण्याला राहून दादरला येणाऱ्यापेक्षा बऱ्या स्थितीत असतो. तिसरी गोष्ट शेवटच्या दोन किलोमीटरांची: वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाहीत, तेथे बस, टॅक्सी किंवा पायी चालणे हेच पर्याय आहेत.

मुंबईविषयी मित्रांनी दिलेला सल्ला केव्हाचा आहे, हेही पाहावे. आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि ती सीप्झ, वांद्रे-कुर्ला संकुल व वरळी अशा ऑफिसांच्या पट्ट्यांतून जाते. घाटकोपर-वर्सोवा मेट्रो मध्य आणि पश्चिम रेल्वेला जोडते. चार वर्षांपूर्वी मुंबई सोडलेल्या माणसाचा ‘तिथे पोहोचणे अशक्य आहे’ हा अनुभव आता काही पत्त्यांना लागू नाही, काहींना मात्र जसाच्या तसा लागू आहे.

पुण्यासाठी प्रश्न वेगळा आहे: दुचाकीशिवाय हा पत्ता गाठता येतो का? पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी हे मेट्रोचे दोन मार्ग दिवाणी न्यायालय स्थानकात एकमेकांना छेदतात. घर आणि ऑफिस दोन्ही या रेषांजवळ असतील तर प्रवास सुखाचा होतो. खराडीला जाणाऱ्याला रामवाडीपासून पुढे बस किंवा रिक्षा करावी लागते. हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या तिसऱ्या मार्गाबद्दल बोलताना, तुमच्या रुजू होण्याच्या तारखेला तिकीट काढून ज्या स्थानकापर्यंत जाता येते तेवढाच मार्ग हिशेबात धरावा. ‘लवकरच सुरू होईल’ या भरवशावर अकरा महिन्यांचा करार करू नये. हा नियम दोन्ही शहरांना लागू आहे.

बसने जाणार असाल तर पीएमपीच्या कोणत्या क्रमांकाची बस लागेल आणि रात्री शेवटची केव्हा असते, ते त्या थांब्यावरच्या रोजच्या प्रवाशाला विचारावे. लोकांना विचारण्याजोगी पहिली गोष्ट ही आहे. हिंजवडीच्या बाबतीत तेथील आयटी पार्कचे टप्पे (फेज) एक, दोन आणि तीन यांतील फरकही विचारावा, कारण वाकडच्या पुलावरून किंवा भूमकर चौकातून आत शिरल्यावर तिसऱ्या टप्प्यापर्यंतचे अंतर वेगळेच वेळापत्रक मागते.

दुचाकी लागणारच असेल तर पुण्याच्या रकान्यात पेट्रोल, विमा, हेल्मेट आणि गाडी नवी असल्यास हप्ता लिहावा. गाडी गावाकडची न्यायची असेल तर राज्य तेच असल्यामुळे पुन्हा नोंदणी करावी लागत नाही. रेल्वेने पार्सल करताना टाकी रिकामी करून नोंदणी प्रमाणपत्राची प्रत द्यावी लागते. परवाना नसेल तर शिकाऊ परवाना आजच काढावा, कारण पक्क्या परवान्याची चाचणी त्यानंतर ३० दिवसांनीच देता येते.

माझी मर्यादा: एका बाजूचा प्रवास ७५ मिनिटांपर्यंत असेल तर पत्ता चालेल असे मानावे, ९० मिनिटांच्या पुढे गेल्यास घराचा पट्टा बदलावा, आणि पगारात बसणारा दुसरा पट्टाच नसेल तर त्या नोकरीचा आकडा कितीही चांगला दिसला तरी तिच्याकडे संशयाने पाहावे.

नेहमीची चूक: ‘पुण्यात राहीन आणि मुंबईला ये-जा करीन’ ही तडजोड. डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी सव्वासातला निघते आणि १९२ किलोमीटर कापून १०.२५ला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते. संध्याकाळी तेथून ५.१०ला सुटून रात्री साडेआठच्या आत पुण्यात येते. पासधारक वर्षानुवर्षे हे करतात, पण त्यांच्या ऑफिसच्या वेळा गाडीशी जुळवून घेतलेल्या असतात. नव्या कर्मचाऱ्याला पाच वाजता टेबल सोडता येत नाही. आठवड्यातून एक-दोनच दिवस जायचे असेल तर या पर्यायाचा विचार करता येईल.

## टप्पा ४: ठरलेल्या पट्ट्यातील भाडे काढावे

आता भाडे पाहायचे, तेही संपूर्ण शहराचे नाही. ‘मुंबईत भाडी पुण्याच्या दुप्पट असतात’ या वाक्यावरून कोणताही हिशेब होत नाही, कारण बदलापूर आणि बाणेर यांची तुलना केली तर ते उलटे पडते. टप्पा ३ मध्ये प्रत्येक शहरासाठी दोन किंवा तीन पट्टे निघाले असतील. त्यांतील एकाच प्रकारच्या जागेच्या दहा-बारा जाहिराती पाहून सर्वांत स्वस्त तीन आणि सर्वांत महाग तीन सोडून द्याव्यात. उरलेल्यांच्या मधला आकडा कागदावर लिहावा.

जागेचा प्रकार आधी ठरवावा. पुण्यात ‘कॉट बेसिस’ हा प्रकार सर्रास आहे: खोलीत तीन-चार खाटा, एक तुमची, जेवण बाहेर मेसमध्ये किंवा डब्यावर. मुंबईत पीजी आणि फ्लॅटमधील शेअरिंग जास्त. मुलींनी दोन्ही शहरांतील नोकरदार महिलांच्या वसतिगृहांत आधी चौकशी करावी; तेथे रांग असते, म्हणून अर्ज होकार कळवण्यापूर्वी केला तरी बिघडत नाही.

फ्लॅट घेणार असाल तर भाड्यासोबत सोसायटीचे मासिक शुल्क कोण भरणार, पाणी महापालिकेचे की टँकरचे, वीज कोणाची आणि पार्किंग आहे का, हे विचारावे. पुण्याच्या नव्याने वाढलेल्या भागांत उन्हाळ्यात टँकरचा खर्च रहिवाशांवर पडतो आणि तो जाहिरातीत कधीच नसतो. मुंबईत विजेचा पुरवठादार भागानुसार बदलतो. शहरात बेस्ट, उपनगरांत प्रामुख्याने अदानी आणि काही ठिकाणी टाटा, तर ठाणे, नवी मुंबई आणि मुलुंड-भांडुपला महावितरण. दर वेगवेगळे असल्यामुळे आधीच्या भाडेकरूचे मे महिन्याचे बिल पाहायला मागावे. सोसायटी अविवाहित भाडेकरू ठेवू देते का, हे दलालाला नव्हे तर सोसायटीच्या कार्यालयात जाऊन विचारावे, कारण टोकन दिल्यानंतर मिळणारा नकार महागात पडतो.

कराराबाबत नियम दोन्ही शहरांत एकच आहे. लिव्ह अँड लायसन्स करार (भाड्याने राहण्याचा नेहमीचा करार) लेखी आणि नोंदणीकृत असणे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाडे अधिक अनामत रकमेवरचे वार्षिक १० टक्के दराने मानलेले व्याज, या बेरजेच्या पाव टक्का असते. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये. भाडे २४ हजार, अनामत १ लाख आणि मुदत ११ महिने असेल तर मुद्रांक शुल्क ७०० रुपयांच्या आतच येते. कोणी ‘कराराचे’ म्हणून आठ-दहा हजार मागू लागला तर त्याला हा हिशेब दाखवावा.

तपासा: करारात लॉक-इन (ज्या काळात जागा सोडता येत नाही तो) किती महिन्यांचा आहे? नोटीस किती दिवसांची आहे? जागा सोडताना रंगकामाचे पैसे अनामतीतून कापणार का? अनामत किती दिवसांत परत मिळणार? चारही उत्तरे कागदावर हवीत.

सावधान: जागा दाखवण्यापूर्वी ‘गेट पास’ किंवा ‘टोकन’ म्हणून ऑनलाइन पैसे मागणारी जाहिरात फसवी समजावी. बदली झालेला अधिकारी असल्याचे सांगून ओळखपत्राचा फोटो पाठवला जातो. त्या फोटोने काहीही सिद्ध होत नाही.

## टप्पा ५: पहिल्या पगारापर्यंत लागणारी रोकड मोजावी

महिन्याचा खर्च बसतो म्हणून शहर परवडते असे होत नाही. कित्येकांचे गणित पहिल्याच महिन्यात मोडते. तिघांनी मिळून ३६ हजार भाड्याचा फ्लॅट घेतला, अनामत दीड लाख आणि दलाली एका महिन्याच्या भाड्याइतकी असे मानले, तर प्रत्येकाला पहिल्याच दिवशी अनामतीचे ५० हजार, भाड्याचे १२ आणि दलालीचे १२ हजार मोजावे लागतात. गादी, भांडी, गॅस, पास आणि जेवण अजून धरलेलेच नाही. मुंबईत अनामत भाड्याच्या पटीत सहसा जास्त मागितली जाते, तर पुण्यात वाचलेल्या अनामतीतील बरेचसे पैसे दुचाकीकडे जातात. दोन्ही रकान्यांत ही बेरीज मांडून ती तयारीच्या वेळी लिहिलेल्या शिल्लक रकमेशी ताडून पाहावी.

पगाराची तारीखही विचारावी. बऱ्याच कंपन्यांत महिन्याच्या विशीनंतर रुजू झालेल्यांचा पगार पुढच्या महिन्याच्या पगारासोबत निघतो, म्हणजे २२ तारखेला रुजू झालेल्या मुलाला सुमारे चाळीस दिवस स्वतःच्या पैशांवर काढावे लागतात. रुजू होण्याची तारीख महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मागून घेणे हा यावरचा सोपा आणि फुकट उपाय आहे.

## टप्पा ६: या शहरातील दुसरी नोकरी शोधून पाहावी

पहिली नोकरी दोन-तीन वर्षांत बदलते. त्या वेळी घर न हलवता बदलता येईल का, हे आज पाहायचे. नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर आपल्या पदाचे नाव आणि ‘दोन ते चार वर्षे अनुभव’ असे टाकून दोन्ही शहरांतील जागा शोधाव्यात, आणि केवळ संख्या न पाहता पहिल्या वीस जाहिराती उघडून वाचाव्यात: किती वेगवेगळ्या कंपन्या आहेत, कोणती कौशल्ये मागतात, ऑफिसे कुठे आहेत.

काही क्षेत्रांत कौल स्पष्ट असतो. रिझर्व्ह बँक, सेबी आणि दोन्ही प्रमुख शेअर बाजार मुंबईत आहेत. बँका, विमा, म्युच्युअल फंड, जाहिरात, चित्रपट-मालिका, जहाज वाहतूक आणि उच्च न्यायालयाच्या आसऱ्याने चालणारी वकिली यांचा गाभा तेथेच आहे. वाहन आणि यंत्रनिर्मितीचे आकुर्डी-पिंपरी-चाकण-तळेगाव असे मोठे क्षेत्र पुण्याजवळ आहे आणि त्यामुळे डिझाइन, एम्बेडेड प्रणाली, गुणवत्ता तपासणी यांतील दुसरी नोकरी पुण्यातच मिळण्याची शक्यता जास्त. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर आणि सी-डॅकचे मुख्यालय यांमुळे संशोधनाकडे वळणाऱ्यांनाही पुणे सोयीचे. सॉफ्टवेअरची कामे दोन्हीकडे आहेत. तेथे मात्र बँकिंगशी संबंधित कामाची आवड असेल तर मुंबईचा रकाना थोडा जड धरावा.

लेखापाल, मनुष्यबळ, विक्री अशा सर्वत्र लागणाऱ्या कामांत या टप्प्यावर फार वेळ घालवू नये.

## टप्पा ७: गावाची वाट

हा टप्पा लहान आहे, पण आई-वडिलांचे वय झालेले असेल तर तो वर सरकतो. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि सोलापूरच्या लोकांना पुणे उघडच जवळ. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या मुलांना मुंबई सोयीची, कारण कोकण रेल्वे तिकडे जाते. पुण्याहून कोकणात उतरायचे तर घाटातली बस. नाशिक, जळगाव, भुसावळकडून येणाऱ्या मुख्य गाड्या कल्याणमार्गे मुंबईला जातात. अंतर न पाहता शुक्रवारी रात्री निघून शनिवारी सकाळी घरी पोहोचणारी गाडी किंवा बस आहे का, आणि सोमवारी कामावर वेळेत परत येता येते का, एवढेच पाहावे.

## टप्पा ८: प्रत्यक्ष जाऊन एक दिवस जगून पाहावे

कागद भरला की दोन्ही शहरांत, निदान ज्याविषयी शंका आहे तेथे, जाऊन यावे. ओळखीच्याकडे मुक्काम असेल तरी पहाटे निवडलेल्या पट्ट्यातील घरापासूनच सुरुवात करावी: कामाच्या वेळेला तेथून निघावे, ऑफिसच्या दारापर्यंत जावे, घड्याळ पाहावे, आणि संध्याकाळी सुट्टीच्या वेळेला तोच रस्ता उलट करावा. संध्याकाळची फेरी टाळण्याचा मोह होतो. दमलेल्या अंगाने तो प्रवास कसा वाटतो, हे त्याच फेरीत कळते.

दिवस निवडताना काळजी घ्यावी. रविवारी मुंबईच्या लोकलवर मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही तास वाहतूक बंद किंवा वळवलेली) असतो आणि गर्दीही वेगळी असते, त्यामुळे त्या दिवशीचा अनुभव दोन्ही बाजूंनी खोटा. भोसरी-चाकण भागातील अनेक कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते, म्हणून तेथील रस्ते गुरुवारी पाहून मत बनवू नये. सोमवार ते बुधवार हे दिवस उत्तम. पावसाळ्यात जाण्याची संधी मिळाली तर ती दवडू नये. शीव-कुर्ला भागात रुळांवर पाणी आल्यावर काय होते आणि हिंजवडीच्या चौकांत काय होते, हे दोन्ही जुलैमध्येच नीट दिसते.

तपासा: परतताना ऑफिसच्या दारात त्याच कंपनीतील दोन कर्मचाऱ्यांना विचारावे की ते कुठे राहतात. नव्या मुलांपैकी बहुतेक जण एकाच पट्ट्यात राहत असतील तर तुमच्या टप्पा ३ च्या कागदावर तो पट्टा आहे का, ते पाहावे.

## टप्पा ९: निर्णय, होकार आणि त्यानंतरचा क्रम

प्रत्येक मुद्द्याला दहापैकी गुण देऊन बेरीज करण्याची पद्धत लोकप्रिय आहे. मला ती पटत नाही, कारण मनात आधीच ठरलेल्या शहराला जिंकवण्यासाठी गुण नकळत वाढवले जातात. त्याऐवजी गाळत जावे. पहिल्या पगारापर्यंतची रोकड ज्या शहरात कर्ज काढूनच उभी राहते, ते बाजूला ठेवावे. शैक्षणिक कर्जाचा हप्ता, भाडे, प्रवास आणि जेवण गेल्यावर महिन्याला काहीच उरत नसेल तेही. दोन्ही शहरे उरली तर कामाचे स्वरूप पाहावे: कोणत्या ठिकाणी दोन वर्षांनी अधिक मोलाचे काम येत असेल? तेथेही बरोबरी असेल तर कमी प्रवासाचा पत्ता घ्यावा. हवामान, खाणे, नाट्यगृहे आणि मित्रमंडळी यांचा विचार त्यानंतर.

निर्णय झाल्यावर पुढील क्रम मोडू नये:

१. निवडलेल्या कंपनीला लेखी होकार द्यावा आणि त्यांच्याकडून रुजू होण्याच्या तारखेसह पोच घ्यावी.

२. पोच आल्यावर त्याच दिवशी दुसऱ्या कंपनीला दोन ओळींचा नम्र नकार कळवावा. दोन्हीकडे होकार देऊन ठेवणे हा चतुरपणा वाटतो, पण एकाच क्षेत्रात माणसे पुन्हा भेटतात.

३. सध्या कुठे काम करत असाल तर राजीनामा पोच आल्यानंतरच द्यावा.

४. सेवाबंधाचा (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या हमीचा) कागद सही करण्यापूर्वी रक्कम आणि कालावधी वाचावा. मूळ प्रमाणपत्रे कंपनीकडे ठेवायला देऊ नयेत. पडताळणीसाठी दाखवून लगेच परत घ्यावीत. नोकरीसाठी कोणत्याही नावाने अनामत मागितली गेली तर तेथेच थांबावे.

५. पहिला महिना ऑफिसजवळच्या पीजीत किंवा कॉट बेसिसवर काढावा, भाडे थोडे जास्त पडले तरी. आल्या आल्या फ्लॅटचा करार केल्यामुळे चुकीच्या पट्ट्यात अडकलेली मुले दोन्ही शहरांत सापडतात. महिनाभरात कामाची खरी वेळ, सोबतचे लोक आणि रस्ते कळतात, आणि फ्लॅटमधील भागीदार ऑफिसातूनच मिळतात.

६. फ्लॅट घेतल्यावर नोंदणीकृत कराराची प्रत आणि पोलिसांकडे दिलेल्या भाडेकरू माहितीची पोच स्वतःच्या ईमेलवर ठेवावी. बँक खाते, गॅस जोडणी आणि आधारवरील पत्ता बदलताना कराराची तीच प्रत लागते, आणि अनामत परत मागण्याच्या दिवशी तर लागतेच.